अंधारातील पत्रव्यवहार

आपल्या घरांतील पुस्तकांच्या फळीवर बायबल असते, प्रार्थनापुस्तक असते, गायनाची वही असते आणि दोन-चार संतचरित्रे असतात. या संतचरित्रांचा एक ठरलेला साचा आहे. संतावर संकट येते, क्वचित त्याचे मन डळमळते आणि पुढच्याच पानावर देवकृपेचा प्रकाश पडून तो पूर्ववत स्थिर होतो. डळमळण्याला एक परिच्छेद आणि स्थिरतेला वीस पाने, असे हे प्रमाण. लहानपणी ते खटकत नाही. परंतु ज्याच्या घरात अकाली मृत्यू झाला आहे, किंवा काहीही कारण नसताना ज्याची प्रार्थनेतील गोडी नाहीशी झाली आहे, त्याच्या हाती ही पुस्तके देताना संकोच वाटतो. संतांना एका पानात जे साधले ते मला तीन वर्षांत साधले नाही, तेव्हा दोष माझाच, असे त्याला वाटण्याचा संभव अधिक.

माझ्या आईच्या बाबतीत असे झाले. धाकटा भाऊ गेल्यानंतरही ती मिस्साला जात राहिली, संध्याकाळची रोजरी तिने एक दिवसही चुकवली नाही, पण एकदा जपमाळ खुंटीला अडकवताना ती सहज म्हणाली, "म्हणते खरी, पण पलीकडे कोणी ऐकत नाही असं वाटतं." मी त्या वेळी काही बोललो नाही. जे उत्तर सुचले ते पुस्तकी होते. त्या सुमारास मदर तेरेसांच्या खासगी पत्रांचे 'कम बी माय लाइट' हे इंग्रजी पुस्तक मी वाचत होतो. त्यातील काही पत्रे मी तिला मराठी करून वाचून दाखवू लागलो. पुढील विवेचन त्या वाचनातून आले आहे. त्यात समीक्षकाची तटस्थता पुरेशी नसेल, हे आधीच सांगितलेले बरे.

हे पुस्तक २००७ साली, मदरच्या मृत्यूला दहा वर्षे होत असताना प्रसिद्ध झाले. संपादक फादर ब्रायन कोलोडिएचुक हे मदरच्याच संघातील धर्मगुरू आणि त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेचे प्रवर्तक. पुस्तकाचा पूर्वार्ध उत्साहाचा आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या वाटेवर आगगाडीत ऐकू आलेली हाक, त्यानंतर कोलकात्याचे आर्चबिशप फर्दिनांद पेरियर यांच्यामागे त्यांनी लावलेला पत्रांचा धोशा, आर्चबिशपांची सावध दिरंगाई आणि मदरची उतावीळ. हा सारा भाग एखाद्या कादंबरीसारखा वाचला जातो. १९४८ मध्ये त्या लोरेटोचा मठ सोडून बाहेर पडतात, १९५० मध्ये त्यांच्या संघाला मान्यता मिळते. आणि ज्या कामासाठी इतका आटापिटा केला, ते सुरू होताच हाक देणारा गप्प होतो. १९५८ साली, बारावे पायस या पोपसाठी झालेल्या मृतांच्या मिस्साच्या वेळी त्यांना काही आठवड्यांचा दिलासा मिळाला. तो एवढाच अपवाद. बाकीचा काळ, जवळजवळ पन्नास वर्षे, काळोखाचा.

ही पत्रे बाहेर आल्यावर दोन प्रकारची वाचने झाली. क्रिस्टोफर हिचन्स यांच्यासारख्या टीकाकारांना त्यात श्रद्धा संपल्याची कबुली दिसली. भाविकांनी उलट टोक गाठले. 'संतांच्या परीक्षा अशाच असतात' असे म्हणून त्यांनी पुस्तक मिटून ठेवले. पहिल्यांनी मदरची वाक्ये वाचली, पण ती कोणाला उद्देशून लिहिली आहेत हे पाहिले नाही. दुसऱ्यांनी तर वाक्येही धड वाचली नाहीत, असे मला वाटते.

पहिला आक्षेप मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नाही. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये मायकेल व्हान डर पीट या धर्मगुरूंना मदर आपल्या आतील शांततेविषयी आणि रितेपणाविषयी लिहितात आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्लो येथे नोबेल पुरस्कार स्वीकारताना देवाच्या प्रेमाविषयी निःशंकपणे बोलतात. हे दुटप्पीपण नव्हे काय? हा प्रश्न प्रथम टीकाकारांनी विचारला असे नाही. आपले हास्य हा एक पडदा आहे, हे मदरनेच आपल्या पत्रांत कितीदा तरी म्हटले आहे आणि आपण लोकांना फसवीत तर नाही ना, ही टोचणी त्यांना लागलेली दिसते. दांभिकाला अशी टोचणी लागत नाही, एवढे म्हणून मी हा मुद्दा सोडतो. तो पूर्ण सुटला असा दावा नाही.

आता पत्रांच्या लेखनाकडे वळू. मदरची मातृभाषा अल्बेनियन, इंग्रजी नंतर शिकलेली. त्यांच्या वाक्यांत पूर्णविराम थोडे आणि आडव्या रेघा पुष्कळ. विचार पुरा होण्याआधीच दुसरा येतो, रेघ ओढली जाते, तिसरा येतो. घाईने, दमलेल्या हाताने लिहिलेली ही पत्रे आहेत. त्यांत अलंकार नाहीत, आणि म्हणूनच कुठे एखादी प्रतिमा आली की ती अंगावर येते. परंतु माझे लक्ष वेधून घेतले ते एका फार लहान गोष्टीने. देव आहे की नाही हेच कळेनासे झाले आहे, असे ज्या पत्रात लिहिले आहे, त्याच पत्रात देवासाठी येणारे प्रत्येक सर्वनाम मोठ्या अक्षराने सुरू होते. जुन्या धर्मभगिनींची ती सवय असेल. सवय असली तरी ती सुटलेली नाही, हे महत्त्वाचे. मन म्हणते कोणी नाही, आणि हात उठून उभा राहतो.

या संग्रहातील सर्वांत अवघड मजकूर १९५९ च्या सप्टेंबरमधील आहे. मदरचे तेव्हाचे आध्यात्मिक मार्गदर्शक, पुढे कार्डिनल झालेले येशूसंघीय फादर पिकाची, यांना पाठविलेल्या पत्रासोबत तो जोडलेला होता. तो पिकाचींना उद्देशून नाही, येशूला उद्देशून आहे. आपल्यात श्रद्धा उरलेली नाही, असे मदर त्यात येशूलाच सांगतात. तर्काने पाहता हे विसंगत आहे. जो नाही त्याला पत्र कोण लिहितो? पण स्तोत्रसंहिता ज्याने वाचली आहे त्याला ही विसंगती परिचयाची वाटेल. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. त्याला सुखाचा शेवट नाही, तरीही ख्रिस्तसभेने ते प्रार्थनेतून गाळलेले नाही. क्रूसावरून प्रभूने बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ उच्चारला, तोही तक्रारीचाच होता. मदरच्या या मजकुराची जागा त्या पंक्तीत आहे. शंकेविषयी बोलणे आणि शंका घेऊन त्याच्याशीच बोलणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे या चार-दोन पानांनी मला जितके पटवले तितके कोणत्याही प्रवचनाने पटवलेले नाही.

संपादकांविषयी माझी तक्रार इथेच सुरू होते. त्यांचे परिश्रम मोठे आहेत आणि भूमिका प्रामाणिक आहे. पण ते वाचकाला पत्राजवळ एकटे सोडीत नाहीत. पत्र संपते न संपते तोच विवेचन येते, आणि क्रूसभक्त संत योहानाच्या 'काळोख्या रात्री'चा दाखला देऊन जखमेवर मलमपट्टी होते. वस्तुतः त्या संताने वर्णिलेली रात्र हा आत्म्याच्या प्रवासातील एक टप्पा आहे. ती ओलांडून पलीकडे जायचे असते. पन्नास वर्षांच्या रात्रीला टप्पा म्हणणे कठीण आहे. प्रकाशनाचा नैतिक प्रश्नही आहे. ही पत्रे नष्ट करावीत, लोक येशूऐवजी माझाच विचार करू लागतील, अशी मदरची पेरियर आणि फादर व्हान एक्सेम यांना पुन्हा पुन्हा विनंती होती. ती मानली गेली नाही. मला स्वतःला याचा आनंद आहे, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटते.

पुस्तकाचा कणा मात्र एका निराळ्याच व्यक्तीच्या हाती आहे, आणि ती व्यक्ती आपल्या पुण्याची. फादर योसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियात जन्मलेले येशूसंघीय, १९३८ साली भारतात आले आणि पुण्याच्या दे नोबिली कॉलेजात त्यांनी ईशज्ञान शिकवले. २००९ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, ते पुण्यातच निवर्तले. ख्रिस्तसभेच्या श्रद्धाविषयक दस्तऐवजांच्या संकलनासाठी ते जगभर ओळखले जात. १९६१ मध्ये ते कोलकात्यात धर्मभगिनींच्या तपोसाधनेसाठी गेले असता मदरने आपली अवस्था त्यांच्या कानावर घातली आणि त्यांच्या सांगण्यावरून ती लिहूनही दिली. श्रद्धेचे शेकडो दस्तऐवज ज्यांच्या हाताखालून गेले, त्या पंडिताने यावर एकही दस्तऐवज पुढे केला नाही. त्यांचे म्हणणे साधे होते. यावर माणसाकडे उपाय नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. सान्निध्याची जाणीव हा सान्निध्याचा एकमेव पुरावा नव्हे. देवासाठी जो जीव इतका तळमळतो, ती तळमळच तो जवळ असल्याची खूण आहे. आणि ज्या गोरगरिबांना आपण नकोसे आहोत असे वाटते, त्यांच्यात काम करणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला हेच नकोसेपण आले असेल, तर तो त्या कामाचाच एक भाग समजा. मदरचे पुढचे पत्र बदललेले आहे. काळोख गेलेला नाही; त्याच्याविषयीची भीती गेली आहे. इतक्या वर्षांत प्रथमच आपल्याला हा काळोख प्रिय वाटू लागला, असा त्याचा आशय.

मदरने ज्या लिझ्यूच्या संत तेरेजेचे नाव धारण केले, त्या आपल्या 'लिटल फ्लॉवर'चे स्मरण येथे होणे साहजिक आहे. १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी मृत्यू येईपर्यंत तिलाही स्वर्गाच्या अस्तित्वाविषयीच्या शंकेने ग्रासले होते. तिने श्रद्धेचा अंगीकार आपल्या रक्ताने लिहून तो उराशी बाळगला. तिचे आत्मकथन १८९८ मध्ये बाहेर पडले ते बहिणीने हजारो ठिकाणी सुधारून. मूळ हस्तलिखिते वाचकांना मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. गुलाबांची फुले घेतलेली तिची तसबीर आपल्या कितीतरी घरांत आहे. तिच्या शेवटच्या दीड वर्षाची हकीकत त्यांतल्या किती घरांत ठाऊक असेल?

आईला मी नॉयनर यांचे उत्तर वाचून दाखवले तेव्हा तिने विचारले, "मग तिला उजेड दिसला का?" मी म्हटले, पुस्तकात तरी तसे नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरी पहाटे उठत होती ना ती?" उठत होती, मी म्हटले, साडेचारच्या आसपास. त्यावर तिने फक्त मान हलवली. त्या दिवसापासून तिचे दुःख हलके झाले असे मी सांगणार नाही. रोजरी ती पूर्वीप्रमाणेच म्हणते. इतकेच की 'कोणी ऐकत नाही' हे आता ती मला न सांगता, पाचव्या रहस्यानंतर, आल्तारासमोर मोठ्याने सांगते.

या पत्रांचा मराठी अनुवाद कसा असावा, याविषयी तिच्याकडूनच मला एक धडा मिळाला. १९५९ चे ते पत्र वाचताना मी आदरापोटी येशूसाठी 'आपण' वापरत होतो. इंग्रजीतील मोठे अक्षर देवनागरीत आणता येत नाही, निदान आदरार्थी रूपाने त्याची भरपाई करावी, असा माझा हिशेब. दोन वाक्यांतच आईने मला थांबवले. "आपण-आपण काय करतोस? ती भांडते आहे ना त्याच्याशी?" तिचे म्हणणे खरे होते. स्वर्गातील पित्याच्या प्रार्थनेत आपण 'तू' म्हणतो, नमो मरियेतही 'तू'च म्हणतो, आणि तुकोबांचे विठोबाशी झालेले भांडण तर 'तू' वाचून कल्पिताच येत नाही. मी पत्र पुन्हा पहिल्यापासून 'तू' घालून वाचले. उद्या कोणी हे पुस्तक मराठीत नीट आणण्याचे मनावर घेईल तर त्याने विवेचन सारे शेवटी घ्यावे, पत्रे सलग छापावीत, मदरच्या आडव्या रेघा जशाच्या तशा ठेवाव्यात आणि येशूला 'तू'च म्हणू द्यावे.