दाखल्यावरचे गाव : ‘अग्निपथ’ची पुनर्निर्मिती आणि मराठी नायकाचे हरवलेले मूळ

प्रास्ताविक

ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभे राहिले की भारतीय चित्रपटाचा इतिहास पायी फिरता येईल एवढ्या परिघात सामावलेला दिसतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, तर पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये लागला. ही दोन्ही चित्रपटगृहे आज नाहीत. मात्र या परिसरातील वाड्यांतून आणि चाळींतून वाढलेल्या प्रेक्षकाची हिंदी पडद्यावरील मराठी माणसाविषयीची जिज्ञासा कायम आहे. गुन्हेगारी जगतावरील हिंदी चित्रपटांत हा मराठी माणूस बहुधा हवालदार, निरीक्षक किंवा किरकोळ गुंड म्हणून येतो. तो पूर्ण नावानिशी नायक झाला, असे जे थोडे चित्रपट आहेत त्यांत मुकुल आनंद दिग्दर्शित ‘अग्निपथ’ (१९९०) याचा समावेश करावा लागेल. करण मल्होत्रा यांनी २०१२ मध्ये त्याची पुनर्निर्मिती केली. या दोन चित्रपटांची तुलना बहुधा अमिताभ बच्चन आणि हृतिक रोशन यांच्या अभिनयापुरती सीमित राहते. नायकाच्या ‘गावा’चे या प्रवासात काय झाले, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

मूळ कृतीचे मूळ

पुनर्निर्मिती म्हणजे मूळ कृतीशी प्रतारणा, अशी भूमिका घेणे येथे उचित ठरणार नाही. १९९० चा ‘अग्निपथ’ हाच मुळात ब्रायन द पाल्मा यांच्या ‘स्कारफेस’ (१९८३) या चित्रपटाचे ऋण घेऊन उभा आहे, आणि ‘स्कारफेस’ ही हॉवर्ड हॉक्स यांच्या १९३२ सालच्या चित्रपटाची पुनर्निर्मिती होती. प्रश्न उसनवारीचा नसून उसने घेतलेल्या गोष्टीला आपल्या मातीत कसे रुजविले, हा आहे. द पाल्मांचा नायक क्यूबातून आलेला निर्वासित आहे. त्याची आई त्याच्या पैशाचा तिरस्कार करते, आणि बहिणीने आपल्या मित्राशी लग्न केले हे न कळताच तो त्या मित्राला गोळी घालतो. हिंदी चित्रपटाने आईचा नकार आणि बहिणीविषयीची धास्ती हे दोन्ही धागे घेतले, परंतु त्यांचा शेवट बदलला. बहिणीचे कृष्णन अय्यरवरील प्रेम विजयला आरंभी असह्य होते, तरी अखेरीस तो या नात्याचा स्वीकार करतो. या एका बदलामुळे निर्वासिताची शोकांतिका एका कुटुंबाची कथा झाली. विजयच्या मागे एक वडील उभे राहिले, त्या वडिलांना शाळा मिळाली आणि शाळेला गाव मिळाले.

दाखल्यावरचे गाव

मूळ चित्रपटातील विजयने करून दिलेली स्वतःची ओळख पुढे नकलाकारांच्या तोंडी इतकी रुळली की तिचा आशय दुर्लक्षित राहिला. तो प्रथम आपले पूर्ण नाव सांगतो. मग वडिलांचे नाव, आईचे नाव, गाव आणि वय. चौहान असे हिंदी रूप घेतलेले हे आडनाव मराठी प्रेक्षकाला चव्हाण असेच ऐकू येते. पण आडनावाहून महत्त्वाचा आहे तो या तपशिलांचा क्रम. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतात तेच हे रकाने! गुन्हेगारी जगतात सर्वांना टोपणनावे मिळत असताना मास्तरांचा हा मुलगा शाळेच्या हजेरीपटातल्यासारखा बोलतो. वडिलांची शाळा उद्ध्वस्त झाली, त्यांच्यावर बदफैलीचा खोटा आळ घेऊन गावकऱ्यांकरवीच त्यांचा जीव घेतला गेला. तरी त्यांच्या शाळेची भाषा मुलाच्या जिभेवर शिल्लक राहिली, असा या ओळखीचा अर्थ लावता येतो. त्याला सूड तर हवाच आहे, पण मास्तरांच्या नावावरील डाग पुसून त्याच पत्त्यावर परत जाण्याचीही त्याला आस आहे.

रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली आई याच नैतिकतेची दुसरी बाजू आहे. जेवायला बसताना मुलाने हात धुवावेत, एवढी साधी घरगुती अपेक्षा ती व्यक्त करते, आणि त्या हातांना लागलेले रक्त आपोआप चर्चेत येते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर वाढलेल्या मराठी मनाला ही आई परकी वाटत नाही.

२०१२ च्या आवृत्तीतही दीनानाथ मास्तर आहेत, आळ आहे आणि जमावही आहे. येथे आळ शाळकरी मुलीच्या हत्येचा आहे, आणि मास्तरांना गावातील झाडावर फाशी दिले जाते. मात्र हे मांडवा दीव येथे चित्रित झाले आहे आणि ते तसेच दिसते: पडके कोट, करडा समुद्र, आणि त्यावर सावलीसारखा उभा असलेला संजय दत्तचा अवाढव्य, मुंडण केलेला कांचा. मूळ चित्रपटातील डॅनी डेन्झोंग्पांचा कांचा चीना सुटाबुटातील मृदुभाषी व्यापारी होता. त्याचे भय असे की तो कोणत्याही कचेरीत भेटू शकला असता. नव्या कांचाचे भय मिथकातले आहे. राक्षस आला की त्याची लंका येते. अशा लंकेचा पत्ता दाखल्यावर कोणी लिहीत नाही. तेथे जाऊन केवळ संहारच करता येतो. म्हणूनच ज्या झाडावर वडिलांना लटकविले त्याच झाडावर कांचाला लटकवून चित्रपटाचे वर्तुळ पूर्ण होते. सूड पुरा होतो, परंतु मास्तरांची शाळा पुन्हा भरेल असे कोठेही सुचविले जात नाही.

दोन गणपती

या फरकाचा सर्वांत बोलका पुरावा दोन्ही चित्रपटांतील गणेशोत्सवाच्या गीतांत सापडतो. मूळ चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतातील ‘गणपती अपने गाँव चले’ हे विसर्जनाचे गीत आहे. विसर्जन म्हणजे देवाचे आपल्या गावाला जाणे, ही मराठी लोकमानसातील कल्पना त्याच्या नावातच आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून चालत आला आहे. पण याच परिसरातील कित्येक कोकणी बिऱ्हाडे त्या दिवसांत कुलूप लावून गावी जातात. चाकरमान्यांच्या लेखी गणपती आणि गाव हे दोन शब्द वेगळे काढता येत नाहीत. देव गावी निघाला आहे आणि नायकालाही गावी जायचे आहे, हे साम्य कथेच्या गाभ्याशी जोडलेले आहे.

पुनर्निर्मितीतील ‘देवा श्री गणेशा’ हे अजय-अतुल यांचे गीत संगीत म्हणून अधिक सामर्थ्यवान आहे, हे मान्य केले पाहिजे. ढोल-ताशांचा मराठी ठेका एवढ्या अस्सल रूपात हिंदी पडद्यावर क्वचितच उमटला असेल. परंतु येथील गणेश शक्तीचा आणि क्रोधाचा देव आहे, आणि त्याला जायला गाव नाही. गुलालाने माखलेली मिरवणूक नायकाच्या आवेशाची पार्श्वभूमी होते. ‘चिकनी चमेली’चे उदाहरणही असेच आहे. केदार शिंदे यांच्या ‘जत्रा’ या मराठी चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’ची चाल संगीतकारांनी स्वतःच हिंदीत नेली. जत्रेतील ते गाणे येथे कांचाच्या अड्ड्यावरचे नृत्य झाले. थोडक्यात, नव्या चित्रपटात मराठी ध्वनी वाढला, मराठी रंग वाढला. पण त्या ध्वनीला आणि रंगाला अर्थ देणारी जागा आक्रसली.

शेजाराचा लोप

गावाबरोबर शेजारही गेला. मूळ चित्रपटात विजयला वाचविणारा आणि पुढे त्याचा मेहुणा होणारा कृष्णन अय्यर एम. ए. हा शहाळी विकणारा तमिळ तरुण आहे. मिथुन चक्रवर्ती यांच्या उच्चारांत ठोकळेबाज विनोद आहे, ही टीका रास्तच आहे. तरीही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पाहिलेल्या शहरात मराठी मास्तरांच्या घरी तमिळ जावई यावा, ही घटना लहान नव्हे. विजयची पत्नी मेरी मॅथ्यू ही ख्रिस्ती परिचारिका आहे. त्याच्यावर उलटणारे हसमुख, उस्मानभाई आणि अण्णा शेट्टी हे म्होरकेही निरनिराळ्या समाजांतील आहेत. म्हणजे येथे माया आणि दगा दोन्ही बहुभाषिक मुंबईच्या वाट्याला सारखेच आले आहेत.

२०१२ मध्ये कृष्णन अय्यर आणि मेरी वगळले गेले. त्यांच्या बदल्यात रौफ लाला आला. ऋषी कपूर यांनी आपल्या प्रतिमेविरुद्ध जाऊन केलेली ही भूमिका चित्रपटाचे सर्वांत मोठे कलात्मक यश आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु तिचा परिणामही पाहिला पाहिजे. शेजारी म्हणून जे ‘इतर’ होते ते गेले, आणि अमली पदार्थांचा व मुलींचा व्यापार करणारा मुस्लिम म्होरक्या समोर उभा राहिला. चित्रपटातील मुंबईचा काळ १९९२ चा आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात या शहराचे काय झाले हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकासमोर एकीकडे गणपतीची मिरवणूक आणि दुसरीकडे लाला अशी मांडणी येते, तेव्हा ती निरागस राहत नाही. ठाकूरद्वारहून डोंगरी फार लांब नाही. मूळ चित्रपटाला हे अंतर कमी वाटत होते, पुनर्निर्मितीने ते वाढविले.

पुनर्निर्मितीची बाजू

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. मूळ चित्रपट त्या काळी तिकीटबारीवर अपेक्षित यश मिळवू शकला नव्हता. बच्चन यांनी घोगरा केलेला आवाज प्रेक्षकांना रुचला नाही, पुढे याच भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तरीही. मूळ निर्माते यश जोहर यांच्या पुत्राने, करण जोहर यांनी, वडिलांना आदरांजली म्हणून केलेली पुनर्निर्मिती मात्र भारतात १०० कोटींचा टप्पा ओलांडून गेली. मग प्रेक्षकाला जे हवे होते तेच तिने दिले, असे का म्हणू नये?

तसे अवश्य म्हणता येईल. वर्गात हे दोन्ही चित्रपट दाखविले असता नव्या चित्रपटातील गाणी विद्यार्थ्यांना मुखोद्गत होती, हा प्रस्तुत लेखिकेचाही अनुभव आहे. त्याच वर्गात ‘तुमचे गाव कोणते?’ असे विचारल्यावर मात्र अनेकांना क्षणभर थांबावे लागले. तेव्हा दोष केवळ दिग्दर्शकाच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. १९९० च्या प्रेक्षकाला गाव होते म्हणून तेव्हाच्या नायकाला गाव होते. २०१२ पर्यंत ते नाते सैल झाले होते, आणि पुनर्निर्मितीने त्याची प्रामाणिक नोंद केली, कदाचित नकळत.

निष्कर्ष

खरे मांडवा रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, मुंबई बंदराच्या पलीकडच्या काठावर आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून तेथे मोटारीसह जाता येते, आणि तेथील जमिनींवर मुंबईकर धनिकांचे बंगले उभे आहेत. अलीकडे ठाकूरद्वार परिसरातील काही जुन्या इमारती भुयारी मेट्रोसाठी पाडल्या गेल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव स्थानक सुरू झाले. गाव आणि चाळ ही मराठी नायकाच्या दाखल्यावरची दोन्ही ठिकाणे अशी एकाच वेळी बदलत आहेत. अशा काळात मराठीपण ढोल, गुलाल आणि फेटे यांत सामावून घेणे सोपे असते, कारण या गोष्टी कोठेही नेता येतात. शाळा, शेजार आणि आईने धुवायला सांगितलेले हात मात्र जागेशी बांधलेले असतात. ‘अग्निपथ’ची पुनर्निर्मिती पहिल्या प्रकारचे मराठीपण मोठ्या कौशल्याने जपते आणि दुसरे गमावते. मूळ चित्रपटाच्या अखेरीस विजय आईच्या मांडीवर, आपल्या गावात प्राण सोडतो. नव्या चित्रपटातही आई जवळ आहे, भूमीचे नावही मांडवाच आहे. परंतु दाखल्यावरील गावाचा रकाना तेथे कोराच राहिला आहे. मूळ कृतीच्या पुढील पुनर्निर्मात्याने, आणि आपण वाचकांनीही, प्रथम तो रकाना भरून पाहावा.