पैसे खात्यात आले, म्हणजे निधी हातात आला का?

दिव्यांगत्वावरचा प्रस्ताव लिहिताना एक उडी फार पटकन मारली जाते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे थेट खात्यात येतात, म्हणजे हा आपल्याकडचा 'स्वव्यवस्थापित निधी'च! मला ही तुलना पटत नाही. का, ते बघू.

ही कल्पना आली कुठून? ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्यानं स्थानिक प्रशासनाला मुभा दिली, की दिव्यांग व्यक्तीला सेवा देण्याऐवजी त्या सेवेचे पैसेच द्यावेत. मदतनीस कोण, तो किती वाजता येणार, हे ती व्यक्ती ठरवणार. इंग्लंड-वेल्समध्ये २००० च्या कायद्यानं काळजी घेणाऱ्या घरच्यांनाही यात आणलं. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ च्या कायद्यात आधी गरज बघतात, मग आराखडा आणि रक्कम ठरते, आणि मग ती स्वतः सांभाळायची की दुसऱ्याकडे सोपवायची हा प्रश्न येतो. हा क्रम महत्त्वाचा आहे: गरज, रक्कम, ताबा.

आपली योजना १९८० ची. दिव्यांगांसाठी अट ४० टक्के दिव्यांगत्वाची आणि कुटुंबाच्या वार्षिक ५०,००० रुपये उत्पन्नाच्या मर्यादेची. ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये. त्याआधी इतर निराधारांइतकेच १,५००. म्हणजे टक्केवारी मोजली जाते, गरज नाही. काठी टेकत बाजारात जाणारा आणि अंथरुणाला खिळलेला, दोघांना रक्कम तीच.

आता शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं एक घर कल्पनेत आणा. बावीस वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी. जेवण, आंघोळ, कूस बदलणं, सगळं आईच्या हातून. आई पूर्वी खुरपणीला, सोयाबीनच्या काढणीला जायची; आता जाता येत नाही. कागदावर लाभार्थी मुलगा. पैसे काढते आई, खर्च ठरवते आई, आणि तिची बुडालेली मजुरी कुठल्याच रकान्यात नाही. समजा तिनं ठरवलं, अर्धा दिवस कुणाला तरी ठेवू आणि कामाला जाऊ. २,५०० भागिले ३०, म्हणजे रोजचे ८३ रुपये. एवढ्यात कोण येईल? इथं निवड करायचं स्वातंत्र्य आहे, पण निवडायला काहीच नाही.

मग कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख करतं. दोन गोष्टी मात्र बारकाईनं वाचा. एक, हे सगळं सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. दोन, भत्ता जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला. काळजी घेणारी व्यक्ती स्वतः हक्कदार नाही. कलम ३८ मध्ये अशा व्यक्तीनं अर्ज करायचा आणि मंडळानं गरज तपासायची, अशी तरतूद आहे. म्हणजे गरज मोजायची वाट कायद्यात आहे, पैशाची वाट योजनेत आहे, आणि दोन्ही एकमेकींना भेटत नाहीत. केरळच्या 'आश्वासकिरणम'मध्ये काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजीच, पण निदान ती व्यक्ती सरकारी कागदावर दिसली तरी!

आपल्या योजनेची जमेची बाजूही सांगायला हवी. २,५०० रुपये कशावर खर्च केले, याची पावती कुणी मागत नाही. ऑस्ट्रेलियात निधी स्वतः सांभाळायचा तर बिलं जपावी लागतात, हिशेब द्यावा लागतो. गरजेप्रमाणे रक्कम द्यायची मागणी आपण करू, तेव्हा ही कागदपत्रांची कटकट शिरूरच्या त्या आईच्याच डोक्यावर येणार. म्हणून बाहेरचं मॉडेल उचलून इथं ठेवा, असं मी म्हणत नाहीये.

म्हणणं एवढंच, की 'खात्यात जमा' याला 'स्वायत्तता' हे चल समजू नका. प्रश्नावलीत 'पैसे कोणाच्या खात्यात येतात?' इथं थांबू नका. कोण काढतं? खर्च कोण ठरवतं? ज्याच्या नावावर पैसे येतात त्याला कुणी विचारतं का? कुणाचं काम बुडतं? विकत घेता येईल अशी मदत गावात आहे का? आणि शक्य असेल तर त्या मुलाशी वेगळं बोला. त्याला बोलायला वेळ लागत असेल, तर तेवढा वेळ द्या. आईनं त्याच्या वतीनं दिलेलं उत्तर खरं असेलही, पण ते आईचं उत्तर आहे.