खलाशाच्या हातचं जहाज

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या पश्चिम टोकाला, कामारेच्या बंदरात, समुद्रात शिरलेल्या गोट्यांच्या बांधावर नोत्र-दाम द रोकामादूर हे चॅपेल उभं आहे. आत मान वर केली की छताला टांगलेली लाकडी जहाजं दिसतात. ही नवसाची जहाजं. ब्रिटनीतल्याच पॅम्पोल बंदरातल्या कोळ्यांच्या आइसलँडच्या मोहिमा १८५२ ते १९३५ चालल्या आणि त्यांत सुमारे २,००० माणसं बुडाली. ज्या किनाऱ्याचा हिशेब असा, तिथे सुखरूप परत आलेला माणूस देवळात रिकाम्या हाताने जात नाही.

अशा नवसाच्या जहाजांचं धड बऱ्याचदा आखूड आणि पोट फुगीर असतं, डोलकाठ्या उंच आणि दोर जाड. जाणकार याला प्रमाणातली चूक म्हणतात. मला त्यातच या कलेचं मर्म दिसतं. खलाशाने जहाज आराखड्यावरून ओळखलेलं नसतं. भिजलेला दोर ओढताना, परबाणावर ओणवं होऊन शीड गुंडाळताना ते त्याच्या हातांना कळलेलं असतं. हातांनी जे सोसलं, ते मोठं झालं. जहाज खालून पाहायचं असल्यामुळे ते फुगीर पोटही नजरेत नीट भरतं.

बाटलीतल्या जहाजात हीच जाण अंगठ्याएवढ्या जागेत मावते. डोलकाठ्या बुडाशी बिजागरीसारख्या वाकतात आणि मागे निजवलेल्या असतात. त्यांना बांधलेले दोरे नाळेच्या पुढे आलेल्या वाशातून ओवून बाटलीच्या गळ्याबाहेर काढलेले असतात. तळाशी निळ्या रंगाच्या लुकणाचा समुद्र आधीच पसरलेला असतो, लाटांवर पांढरे फटकारे मारलेले. जहाज गळ्यातून आत सरकवून त्यात धड रुतवायचं, मग दोरे हळूच ओढायचे, की सगळी शिडं एकदम उभी राहतात. खऱ्या जहाजावरही काठी सावरून धरतात ते दोरच. खलाशाने रोजचंच काम इथे केलेलं असतं. मागे कधी दीपगृह असतं, कधी उतरत्या छपरांची चार घरं. भर समुद्रात बसून बनवलेल्या वस्तूत किनारा हटकून यावा, हे मला फार हलवून जातं.

बाटली हातात आली तर आधी नाळेकडे पाहावं. ओढून झाल्यावर दोरे डिंकाने चिकटवून तिथेच कापलेले असतात. चांगल्या कारागिराच्या कामात ती टोकं सहजी सापडत नाहीत.