आमिष कुणासाठी?

मार्क जेन्किनच्या २०१९ सालच्या चित्रपटाचं नाव देवनागरीत लिहिलं की 'बेट' असं होतं, आणि समुद्राने वेढलेली जमीन डोळ्यांपुढे येते. खरा अर्थ आहे आमिष, गळाला लावतात ते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधल्या एका अनाम मच्छीमार गावाची ही गोष्ट. मी तो पहिल्यांदा पाहिला लॅपटॉपवर, कॉर्नवॉलमध्येच आठवडाभरासाठी भाड्याने घेतलेल्या घरात. माझ्यासमोरच्या भिंतीवर सजावटीसाठी जुनं जाळं टांगलेलं होतं. चित्रपटातल्या शहरी कुटुंबानेही विकत घेतलेलं घर अशाच दोरखंडांनी सजवलंय. तिथे मी चित्रपट थांबवला आणि थोडा वेळ भिंतीकडे बघत बसले.

मार्टिन वॉर्ड (एडवर्ड रो) हा बोट नसलेला मच्छीमार. वडिलांची बोट आहे, पण भाऊ स्टीव्हन तिच्यातून पर्यटकांना फिरवतो. वडिलांचं घर विकलं गेलंय. मार्टिन ओहोटीला वाळूवर जाळं लावतो, शेवंडीसाठी पिंजरा टाकतो, मिळेल ते दारोदार विकतो आणि बोटीसाठी डब्यात पैसे साठवतो. भांडण पेटतं ते गाडी कुठे लावायची यावरून. मला हे फार खरं वाटलं. गाव हातातून निसटतं तेव्हा ढोल वाजत नाहीत. जिथे रोज टेम्पो उभा राहायचा तिथे एके दिवशी चाकाला कुलूप लागलेलं असतं.

जेन्किनने हा चित्रपट हाताने किल्ली द्याव्या लागणाऱ्या १६ मिमी बोलेक्स कॅमेऱ्यावर, कृष्णधवल फिल्मवर चित्रित केला आणि फिल्म स्वतः हाताने धुतली. आवाज सगळा नंतर चढवलेला. पडद्यावर ओरखडे आहेत, डाग आहेत. काहींना हा हौशीपणा वाटेल. पण या खडबडीतपणामुळेच प्रेक्षकाला 'काय सुंदर जागा आहे!' म्हणायची सवड मिळत नाही. कॅमेरा हातांवर, गाठींवर, बुटांवर जातो. समुद्र पाहायची जागा नसून काम करायची जागा आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही. आपल्याला ते दिसतं.

याचं महत्त्व कळायला कॉर्नवॉलचाच माउंट्स बे पाहावा. न्यूलिन, माउसहोल (स्थानिक उच्चार 'माउझल'), पोर्थलेवन अशी मच्छीमार गावं या एका उपसागराच्या कडेने वसली आहेत. १८८०च्या दशकात न्यूलिनला चित्रकारांची वसाहत झाली. स्टॅनहोप फोर्ब्सने १८८५ साली ओल्या वाळूवरची मासळीविक्री रंगवली. फ्रँक ब्रॅम्लीने १८८८ साली न परतलेल्या दर्यावर्दीच्या बायकोचं दुःख रंगवलं. चित्रं उत्तम आहेत, कष्टांकडे आदराने पाहणारी आहेत. पण ती टांगली गेली दूरच्या भिंतींवर, आणि मासेमारांचं गाव ही पाहायला जायची गोष्ट झाली. तिथल्या माशालाही पुढे नवं नाव मिळालं. 'पिलचर्ड' म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं म्हणून आपल्या तारलीच्या कुळातला तोच मासा 'कॉर्निश सार्डिन' म्हणून विकला जाऊ लागला.

माउसहोल नाताळच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे. दर १९ डिसेंबरला ती तासभर मालवतात. १९८१ साली त्या रात्री वादळात सापडलेल्या 'युनियन स्टार' या जहाजाच्या मदतीला 'सॉलोमन ब्राउन' ही जीवरक्षक नौका गेली. तिच्यावरचे आठ स्वयंसेवक आणि जहाजावरचे आठजण, सोळाच्या सोळा गेले. ते स्वयंसेवक गावचेच होते, हाक येताच धावत पोचण्याइतके जवळ राहणारे. सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढली की रात्री कुणाला हाक मारायची? 'बेट'मधला मार्टिनचा राग मला या प्रश्नाशेजारी ठेवून पाहावासा वाटतो. तो फक्त वडिलांच्या घराबद्दलचा राग नाही.

इथेच माझी तक्रार सुरू होते. चित्रपट हा राग भाऊबंदकीत आणि मर्दानी मानापमानात कोंडतो. पुढे एका तरुणाचा मृत्यू येतो, आणि तोवर पार्किंग, भाडं, डब्यातल्या नोटा यांतून जे इतकं नेमकं उलगडत होतं ते दुर्दैवाच्या खात्यावर जमा होतं. मासळी बाजारात लहानाची मोठी झालेल्या मराठी प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट खटकेल. पकडणं हा अर्धाच धंदा. विकणं, वाळवणं, उधारी वसूल करणं हा उरलेला अर्धा, आणि आपल्याकडे तो कोळणींच्या हातात. न्यूलिनच्या मासळीवाल्याही एकेकाळी तितक्याच प्रसिद्ध होत्या. 'बेट'मध्ये त्या अर्ध्या धंद्याची आठवणसुद्धा नाही. वेना ही दारूच्या गुत्त्यावर काम करणारी मुलगी झकास आहे, पण ती एकटी किती भार उचलणार?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. घर घेणारं कुटुंब बऱ्याचदा इतकं आढ्यतेखोर दाखवलंय की माझ्यासारखी प्रेक्षक सहज सुटते. मी तशी नाही, मी नम्र आहे, मी मासे स्थानिक माणसाकडूनच घेते. पण नम्र माणसाने भरलेल्या भाड्यानेही गावातलं भाडं वाढतंच.

हे लिहायला बसले त्याचं कारण कॉर्नवॉल नाही. गेल्या वर्षी बाबांनी अलिबागच्या बाजूच्या एका 'सी व्ह्यू' प्लॉटचे फोटो पाठवले. परतायचं ठरलं तर आपलं काहीतरी असावं, म्हणून हप्ता मी भरायचा असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असे फोटो असतील. माझ्या फोटोच्या कडेला बोंबील वाळवायच्या बांबूंच्या ओळी दिसतात. 'ते काढून टाकतील, वास येणार नाही,' असं एजंटने बाबांना सांगितलंय.

'बेट' जरूर पाहा, शक्य तर मोठ्या पडद्यावर. त्याने मला उत्तर दिलेलं नाही. पण बाबांना मी अजून होकार कळवलेला नाही, आणि ते बांबू कुणाचे आहेत, हे आधी विचारून या असं त्यांना सांगितलंय.