‘समस्त’ म्हणजे कोण? १८७५ च्या दंग्यांवरील दोन मतें

पुणें व अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत १८७५ सालीं कुणब्यांनीं सावकारांचीं खतपत्रें हिसकावून जाळलीं, हें प्रसिद्धच आहे. १२ मे रोजीं सुप्यास आरंभ झाला व पुढें पारनेर, श्रीगोंदें या बाजूंस तें लोण पोंचलें. या प्रकरणीं दोन मतें प्रचलित आहेत. रवींद्र कुमार (१९६५) यांच्या मतें रयतवारी व नवीं न्यायालयें यांनीं गांवकीचा जुना एकोपा मोडला व सावकार शिरजोर झाला. दंगे हें त्या मोडीचें फळ. नील चार्ल्सवर्थ (१९७२) म्हणतात कीं, दंग्यांचा गवगवाच फार. मारहाण थोडी, मुलूखहि थोडा. दोघांचाहि व्यासंग मोठा. तथापि दप्तरें चाळणाऱ्याच्या डोळ्यांत जी गोष्ट प्रथम भरावी, ती या वादांत बाजूस राहिली आहे.

ती म्हणजे गांवकऱ्यांचा करारनामा. चौकशीच्या अहवालांत त्यास ‘समापत्र’ म्हटलें आहे. सावकाराची जमीन कोणीं कसूं नये, बलुतेदारांनीं त्याचें काम करूं नये, मोडेल तो जातीबाहेर, असा त्याचा आशय. एकोपा खरोखरच मोडला असता तर असा कागद झाला कसा? आणि प्रकरण क्षुल्लक होतें म्हणावें, तर न्हावी-परिटासह सारा गांव बांधून घेणें ही कांहीं क्षुल्लक गोष्ट नव्हे. जाळपोळ मोजून तिचें माप निघत नाहीं.

पण म्हणून ‘सारा गांव एक झाला’ असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. महजर वाचणारांस ठाऊक आहे कीं, ‘समस्त’ या पदांत सगळी वस्ती येत नाहीं. पाटलाचा नांगर, चांभाराची रापी, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या खालीं येतात त्या वतनाच्या. उपऱ्यास तेथें जागा नाहीं. महाराची निशाणी असते, म्हणून त्याचें घर वेशीच्या आंत येत नाहीं. समापत्राचें हत्यार हेंच जुनें: बलुतें. सावकारावरील बहिष्कारानें कुणब्याचें कर्ज लांबणीवर पडे, बलुतेदाराची मात्र त्या घरची मिळकत बुडे. आणि नाहीं म्हणावें तर जात आड येई. हा समूहभाव खरा, पण त्याचें ओझें सारखें वांटलेलें नव्हतें.

१८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर लिहिण्याचें बंधन घातलें. कागद जाळण्यांतून कागदच वाढले, हा योग संग्राहकांस गमतीचा वाटेल! पुढें याच जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ सालीं पतपेढी काढली व १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकार हा जुन्या गांवकीचाच वारस, असें सभांतून सांगण्याची चाल आहे. (तो कारखाना आशियांतील पहिला, असेंहि सांगतात, तेव्हांच्या विशाखापट्टणम् जिल्ह्यांतील एटिकोप्पाकाचा सहकारी कारखाना १९३३ चा आहे.) आमच्या मतें हें वारसपत्र खोटें आहे. सहकारी संस्थेचा सभासद नांवानें, भाग घेऊन आंत येतो, व मत प्रत्येकास एकच असतें. महजरांत माणसापूर्वीं वतन येतें.

वादाचा निकाल अहवालाच्या इंग्रजी उताऱ्यांवरून लागावयाचा नाहीं. पारनेर-श्रीगोंद्याकडील पाटील-कुळकर्ण्यांच्या रुमालांत समापत्राची मोडी प्रत आढळल्यास संग्राहकांनीं मजकुराच्या नकलेवर थांबूं नये. खालच्या निशाण्या कोणत्या, कोणत्या क्रमानें आल्या आहेत व बलुतेदारांपैकीं कोणाची गाळली आहे, हें जसेंच्या तसें उतरून पाठवावें.