गाभारा आणि प्रदक्षिणा : ‘ज्ञानेश्वरी’तील अर्थबोध व अधिकार

धर्मग्रंथाचे प्रतीकात्म वाचन बहुधा अधिकारभेदाला जन्म देते. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती भाष्यकार ऑरिजेन याने ग्रंथार्थाचे देह, जीव आणि आत्मा असे तीन स्तर कल्पिले व त्यांना अनुसरून वाचकांचीही प्रतवारी लावली. आत्मबोधाकडे नेणारा अर्थच खरा, असे एकदा मानले की नुसते ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवासे येथे सिद्ध झालेल्या ‘भावार्थदीपिके’चा विचार या पार्श्वभूमीवर व्हावयास हवा.

अठराव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव गीतेवर प्रासादाचे रूपक करतात. व्यास हा स्थपती, वेद हा रत्नपर्वत; उपनिषदांचा अर्थ खोदून काढताना त्रिवर्गाचा जो चुरा निघाला, त्याचा महाभारतरूपी कोट सभोवती उभा राहिला. युद्धकथा येथे रूपकात विरघळत नाही. बाहेरची भिंत म्हणून ती भक्कम उभी राहते. एकनाथांनी ‘भावार्थरामायणा’त दशरथ म्हणजे दहा इंद्रिये, कैकेयी म्हणजे अविद्या असा एकास एक उलगडा केला. तो रंजक आहे. परंतु कोष्टक हाती आले की पात्राकडे पुन्हा वळण्याचे कारण उरत नाही.

या प्रासादाशी येणाऱ्यांचे वर्तन ज्ञानदेव बारकाईने सांगतात. कोणी जप करीत बाहेरून प्रदक्षिणा घालतो, कोणी श्रवणाच्या निमित्ताने सावलीला बसतो, तर कोणी अवधानाचा विडा घेऊन अर्थज्ञानाच्या गाभाऱ्यात शिरतो. येथवर ऑरिजेनची उतरंडच दिसते. परंतु पुढे मोक्षाच्या बाबतीत सर्वांना सारखेच लेखले जाते. श्रीमंताघरच्या पंगतीत वर-खाली बसलेल्यांना एकच पक्वान्न वाढले जावे तसे. आतला अर्थ आतच राहतो, मात्र फळ त्याच्याशी बांधलेले नाही. प्रतीकवाचनाच्या इतिहासात ही भूमिका विरळाच म्हणावी लागेल.

शतकभर आधी, कन्नड भूमीत, बसवण्णांनी हाच प्रश्न उलट बाजूने सोडविला होता. देऊळ बांधण्याची ऐपत नसलेल्या गरिबासाठी त्यांनी देहच देऊळ केला आणि दगडी वास्तू नश्वर ठरविली. ज्ञानदेव वास्तू मोडत नाहीत; तिच्या सावलीलाही फळ देतात. प्रस्थापिताशी तडजोड म्हणून हे धोरण डावलणे सोपे आहे, पण त्यात पंगतीच्या दृष्टांताची धार हरवते.

तरीही सहाव्या अध्यायातील कुंडलिनीप्रकरण या समतेला अडचणीत आणते. गीतेत केवळ सूचित झालेला नाथसंप्रदायाचा संकेत आपण उलगडून दाखविला, असे ज्ञानदेव तेथे म्हणतात, आणि त्याचे कारण देतात ते असे की श्रोते जाणते गिऱ्हाईक आहेत. माल उघडला जातो, पण पारख असलेल्यांपुढे. सावलीला बसलेला श्रोता त्या बाजारात कोठे उभा आहे, हे सहावा अध्याय सांगत नाही.