मूळ स्थिती म्हणजे कुणाची? फॅक्टरी रीसेटची एक समीक्षा

आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी मला दारातच विचारलं, की सर, आज संगणक दुरुस्तीचा वर्ग आहे का? नाही. दुरुस्ती करणारी मुलं या गावात भरपूर आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगली आहेत. मी आज समीक्षा करायला उभा आहे, आणि समीक्षा आहे एका वाक्याची. यंत्र बिघडलं, मंद झालं, व्हायरस शिरला की दुकानातला मुलगा जे म्हणतो ते वाक्य: 'काका, फॅक्टरी रीसेट मारू या, एकदम मूळ स्थितीत येईल.' कवितेतल्या एका शब्दावर आपण तासभर बोलतो, मग रोज हजारो माणसं ज्या वाक्यावर विश्वास ठेवून होकाराचं बटण दाबतात, त्यावर का बोलू नये?

आधी या वाक्यात घडतं काय ते बघू. विंडोजची गोष्ट घेऊ, कारण घरोघरी आणि कचेऱ्यांत तीच जास्त. पूर्वी संगणक बनवणारी कंपनी डिस्कचा एक कोपरा राखून ठेवायची. त्यात कारखान्यातून निघतानाची पूर्ण प्रत असायची. रीसेट म्हणजे ती प्रत पुन्हा पसरायची. म्हणजे मूळ स्थितीत कंपनीने भरलेली फुकटची जाहिरातबाजी आणि महिनाभराने पैसे मागणारा अँटिव्हायरस हेसुद्धा परत यायचं. तुम्ही दोन दिवस खपून काढून टाकलेलं सगळं जसंच्या तसं. मूळ शुद्ध असतं हा जो आपला संस्कार आहे, त्याला पहिला धक्का इथेच बसतो.

मग २०१२ साली विंडोज ८ आलं. त्यात रिफ्रेश आणि रीसेट असे दोन वेगळे पर्याय दिले गेले. विंडोज १० मध्ये ते एका छत्राखाली आले आणि आत विचारणा राहिली: 'कीप माय फाइल्स', की 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पण खरी गंमत पुढे आहे. विंडोज १० पासून रीसेट साधारणपणे कारखान्यातली जुनी प्रत आणतच नाही. यंत्रात त्या घडीला ज्या प्रणालीच्या फायली असतात, त्यांच्यातूनच ते नवी मांडणी उभी करतं. २०२० पासून तर ती प्रत इंटरनेटवरून उतरवून घेण्याचीही सोय आहे. म्हणजे नाव 'मूळ' आणि माल आजचा! तुमचा संगणक चार वर्षांपूर्वी कारखान्यातून ज्या अवस्थेत निघाला, त्या अवस्थेत तो कधीच जात नाही. बॅटरी झिजलेली ती झिजलेलीच. डिस्कवर लिहिण्या-पुसण्याचा जो ताण पडला तो पडलेलाच.

इथे मला आपल्या न्याय-वैशेषिकांची आठवण येते. माझा जन्म गेला त्यात, त्यामुळे थोडं सहन करा. आपल्याकडे 'नसणं' हाही एक पदार्थ मानलाय, अभाव. आणि त्याचे प्रकार केलेत. मडकं घडण्याआधी मातीत मडकं नसतं, तो प्रागभाव. मडकं फुटल्यावर नसतं, तो प्रध्वंसाभाव. दोन्हीकडे मडकं नाहीच, मग फरक कशाला? फरक असा, की प्रागभावाला सुरुवात नाही पण शेवट आहे, मडकं झालं की तो संपला. प्रध्वंसाभावाला सुरुवात आहे पण शेवट नाही. फुटलेलं मडकं पुन्हा 'न घडलेलं' होत नाही. आता दुकानातल्या मुलाचं वाक्य तपासा. तो तुम्हाला प्रागभाव विकतो. जणू तुमचं पत्र, तुमचा फोटो, नातवाने खेळून ठेवलेला गेम या गोष्टी कधी झाल्याच नव्हत्या. प्रत्यक्षात मिळतो प्रध्वंसाभाव. आणि साध्या पुसण्यात तर तोही पुरता मिळत नाही. डिस्कवरची नोंद काढली जाते, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर मागे राहू शकतो. म्हणून जुना संगणक कुणाला देताना डिस्क नीट स्वच्छ करण्याचा वेगळा पर्याय निवडावा लागतो. अँड्रॉइड फोन याबाबतीत निदान प्रामाणिक आहे. तो बटणावरच 'सगळा डेटा मिटवणे' असं लिहितो आणि फॅक्टरी रीसेट कंसात टाकतो. विंडोज मात्र विनाशाला 'पुनर्स्थापना'सारखं सोज्वळ नाव देतं. शब्दयोजनेत मी फोनला जास्त गुण देईन.

पण माझा मुख्य आक्षेप 'कीप माय फाइल्स' वर आहे. माझ्या फायली ठेव. यात 'माझं' म्हणजे काय हे कोणी ठरवलं?

आपल्याच जिल्ह्यातल्या एका संस्थेचं सांगतो, नाव घेत नाही. वीसेक वर्षांचे इतिवृत्तांत, एका स्मरणिकेचा सगळा मजकूर, जुन्या लोकांच्या आठवणी टंकून ठेवलेल्या. संगणक अडकायला लागला. रीसेट केला, फायली ठेवण्याचा पर्याय निवडून. फायली राहिल्या. एकही गेली नाही. आणि उघडल्यावर एकही वाचता येईना! पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, अर्थ काही नाही. कारण मजकूर जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात होता, आणि फॉन्ट 'माझी फाइल' नव्हे. तो यंत्राचा भाग समजला गेला आणि गेला. रीसेटनंतर विंडोज डेस्कटॉपवर एक यादी ठेवतं, काय काय काढलं त्याची. त्या यादीत मराठी टंकनाच्या प्रणालीचं नाव होतं. कुणी वाचलं नाही. मयताची यादी कोण वाचतो?

तरुण मंडळींना हे कोडं वाटेल, म्हणून थोडं थांबून सांगतो. आज आपण युनिकोडमध्ये लिहितो, 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर तोच आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, त्याची मांडणी भारतीय 'इस्की' या मानकावरून घेतलेली. पण विंडोजमध्ये देवनागरीला आधार मिळाला तो विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसकट. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, मराठीचा सगळा कारभार श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकची आयएसएम अशांवर चालला. पत्रिका, वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नाच्या निमंत्रणांपासून सातबाऱ्याच्या अर्जापर्यंत. त्या फॉन्टांची युक्ती अशी, की यंत्राला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय आणि दाखवताना त्यांच्या जागी मराठी आकार रंगवायचे. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिलात तर यंत्राच्या लेखी ती इंग्रजी जे, के, ई अशी तीन अक्षरं. फॉन्ट आहे तोवर राम. फॉन्ट गेला की जे, के, ई.

म्हणजे त्या संस्थेचा मराठी मजकूर फाइलमध्ये कधी नव्हताच! आणि फॉन्टमध्येही नव्हता. तो दोघांच्या संबंधात होता. संबंध तुटला, दोन्ही टोकं शाबूत राहिली तरी मराठी नाहीशी झाली. शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाबद्दल आपल्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी शतकानुशतकं वाद घातला, तो नित्य की संकेताने ठरलेला. रीसेटचं बटण बनवणाऱ्यांनी तो प्रश्नच विचारला नाही. त्यांच्या जगात फाइल म्हणजे वस्तू आणि फॉन्ट म्हणजे सजावट. इंग्रजीत ते खरंही आहे, फॉन्ट गेला तर अक्षराचं वळण बदलेल, वाक्य राहील. आपल्याकडे सजावट गेली आणि वाक्य गेलं. 'मूळ स्थिती' ही सर्वांसाठी एकच आहे असं समजणाऱ्या कल्पनेतला हा दोष आहे, आणि तो तांत्रिक नाही.

कारखान्यातल्या मराठीकडेच बघा ना. मंगल फॉन्टात ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा. महाराष्ट्र शासनाला ६ नोव्हेंबर २००९ रोजी वर्णमालेचा शासन निर्णय काढताना ही रूपं सांगावी लागली. आणि आपला तो डोळ्याच्या पापणीसारखा र! रत्नागिरीत बसून 'मिऱ्या' लिहायचं म्हटलं की त्याची गरज लागते. दर्या आणि दऱ्या यांत कोकणच्या माणसाला फरक समजावून सांगावा लागत नाही, एकात बुडायला होतं आणि दुसऱ्यात पडायला. पण हिंदी कळफलक घेऊन बसलेला मनुष्य, ती कळच सापडत नाही म्हणून, दोन्ही 'दर्या'च लिहितो. म्हणजे मराठी माणसाचा संगणक हा कारखान्यातून निघाल्यावर मराठी झालेला असतो. कुणीतरी कळफलक बसवतं, फॉन्ट घालतं, शब्दकोशात गावांची आणि आडनावांची नावं भरतं, लाल रेघ येऊ नये म्हणून. रीसेट त्याला या सगळ्याच्या आधी नेतो.

आता कोणी म्हणेल, मूळाकडे जाण्यात वाईट काय? काहीच नाही. पण कसं जाता त्याला महत्त्व आहे. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये, म्हणजे मधे जवळजवळ तीनशे वर्षांचं नकलांचं रान. ज्ञानदेवांच्या वेळची प्रत नाथांपुढे असल्याचा पुरावा नाही. मग त्यांनी काय केलं? प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, निवड केली, आणि आता यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी सक्त ताकीद शेवटी दिली. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक निराळी जुनी पोथी छापली. ती नाथांच्याही आधीची आहे असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर बराच वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. मला एवढंच दाखवायचंय, की दोघांनीही आपल्या निवडीची जबाबदारी घेतली. वारकरी आजही नाथांची प्रत वाचतो ती नाथांवरच्या विश्वासाने. रीसेटमध्ये असा कुणी नाथ नसतो. 'मूळ' हा शब्द असतो आणि निवड करणारा लपलेला असतो.

रत्नागिरीत बोलतोय म्हणून आणखी एक उदाहरण टाळता येत नाही. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते आणि त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ जोरात चालवली. मराठीचा रीसेटच तो. फारसी, अरबी, इंग्रजी काढा. मला त्या चळवळीतला अभिनिवेश मान्य नाही. खुर्ची, कागद, दुकान, शहर हे शब्द काढून मराठी अधिक मराठी होते असं मला वाटत नाही. पण तिचं फळ तपासा. त्यातून जे शब्द रुळले, महापौरासारखे, ते कुठल्याही जुन्या मराठीत त्या अर्थाने सापडणार नाहीत. ते नवे घडवलेले होते, आणि घडण चांगली होती म्हणून टिकले. मूळाकडे निघालेली चळवळ प्रत्यक्षात नवी भर घालून गेली. विंडोज १० चंच झालं हे! माधव जूलियनांची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश रचणारा हा कवी, १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. एकाच माणसाने फॉन्ट बसवला आणि तोच काढायलाही निघाला. यावर कधीतरी स्वतंत्र व्याख्यान देईन.

आणि आंबा? हापूस हे नावच पोर्तुगीज अफोन्सोवरून आलेलं, आणि झाड कलमाचं. हापूसची कोय पुरून हापूसच येईल याची खात्री कुठलाही बागायतदार देत नाही. ज्याला आपण रत्नागिरीचं अस्सल म्हणतो, ते बीजापर्यंत मागे नेलं तर हातात रायवळ येण्याचा संभव जास्त.

रीसेटच करू नका असं मी म्हणत नाही. यंत्र घातक प्रणालीने जखडलं असेल, विकायचं असेल, तर कराच. माझं भांडण शब्दाशी आहे आणि त्या शब्दामुळे येणाऱ्या बेसावधपणाशी आहे. गावोगावच्या वाचनालयांत, पतपेढ्यांत, शाळांत १९९० नंतरच्या वीस वर्षांचा मराठी मजकूर अजून त्या जुन्या फॉन्टांच्या भरवशावर पडून आहे. त्याआधीचा कागदावर आहे, तो वाळवी खाईपर्यंत वाचता येईल. नंतरचा युनिकोडमध्ये आहे. मधला हा पट्टाच अधांतरी आहे, आणि तो सांभाळणारी माणसं, टंकलेखक, छापखान्यातले जुळारी, माझ्या वयाची झालीत.

तर ज्यांच्याकडे असे संगणक आहेत त्यांनी दुकानात नेण्याआधी इतकं करा. फायलींबरोबर फॉन्टही वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यांची नावं कागदावर लिहून ठेवा. 'मराठी फॉन्ट' एवढं लिहू नका, नेमकं नाव लिहा. मजकुराची एक पीडीएफ करा, फॉन्ट आत समाविष्ट करून. मग युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण ती जोडाक्षरांत आणि रफारात चुकतात, म्हणून मूळ छापील प्रत समोर ठेवून कुणीतरी बसून वाचलं पाहिजे. दर्या आणि दऱ्या तपासा. मिऱ्या तपासा. वाचायला माणसं कमी पडत असतील तर मला सांगा, मी सकाळी अकरापर्यंत मोकळा असतो. आता प्रश्न असतील तर घेऊ या.